बालविभाग हा ‘आयत्या वेळचा विषय’ नाही

वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात बालविभागातल्या रॅकच्या उंचीबद्दल लिहिलं होतं. पत्रं आली ती मात्र बरीचशी निवडणुकीबद्दल! ग्रंथालय संघाच्या, म्हणजे जिल्ह्यातल्या वाचनालयांच्या संघटनेच्या, कार्यकारिणीत मुलांच्या विभागातल्या माणसांनी जावं का, हा या वेळचा धागा. नौपाड्यातल्या एका वाचनालयाच्या बालविभागात चौतीस वर्षं काढल्यावर आणि संघात एक पूर्ण मुदत बसल्यावर या विषयाबद्दल मला तटस्थ राहता येत नाही, हे आधीच सांगते.

प्रश्न : मी ऐरोलीच्या एका सार्वजनिक वाचनालयात अकरा वर्षं बालविभाग सांभाळते. आमच्या ग्रंथालय संघाची निवडणूक दोन महिन्यांवर आली आहे. आसपासच्या वाचनालयांतल्या मैत्रिणी म्हणतात, तू उभी राहा. पण कार्यकारिणीत सगळे अध्यक्ष, कार्यवाह, निवृत्त प्राध्यापक. मी आपली गोष्टी सांगणारी, कोडी मांडणारी. तिथे माझं काय काम? शिवाय संध्याकाळची ड्युटी असते आणि घरी सासूबाई आहेत. उभी राहू का?
— एक ताई, ऐरोली

उभ्या राहा.

‘आपली गोष्टी सांगणारी’ हे तुम्ही कमीपणाने लिहिलंय, म्हणून आधी त्याबद्दल. सहा वर्षांच्या मुलाला पहिलं पुस्तक हातात देणं आणि चौदाव्या वर्षी तोच मुलगा वाचनालय सोडून जायला लागला की त्याला अडवणं, ही दोन्ही कामं तुम्ही करता. मोठ्यांच्या विभागातला वाचक स्वतःहून येतो, नाव सांगतो, पुस्तक घेऊन जातो. तुमचा वाचक दारात येऊन आईच्या पदराआड उभा राहतो. त्याला काय हवंय हे त्यालाच ठाऊक नसतं. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. त्यातला ‘प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ’ हा सिद्धांत खरा कसाला लागतो तो बालविभागात.

आता संघात तुमचं काय काम, ते सांगते. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयांना अ, ब, क, ड असा दर्जा मिळतो आणि त्यावर अनुदान ठरतं. दर्जा ठरवताना ग्रंथसंख्या पाहतात. मुलांचं चित्रांचं पुस्तक पंचवीस-तीस वेळा घरी जाऊन आलं की त्याचा पुठ्ठा सुटतो. ते बाद करायचं म्हटलं की आमच्याकडे वर्षानुवर्षं एकच उत्तर मिळायचं, ‘संख्या कमी होईल, राहू दे.’ म्हणून फाटकी पुस्तकं कपाटात राहायची. मुलं त्यांना हात लावायची नाहीत आणि पालक म्हणायचे, इथे नवीन काही नसतं. हे दुखणं काउंटरवर बसणाऱ्या बाईला माहीत असतं. कार्यकारिणीच्या टेबलाशी ते माहीत असणारं कुणी नसेल, तर संघ सरकारला जे निवेदन देतो त्यात ते कधीच येत नाही. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं आहे. या शहराला ग्रंथालय चळवळ शिकवावी लागत नाही. पण मी जेवढी निवेदनं वाचली, त्यात पगार होते, अनुदान होतं, इमारत होती. मूल नव्हतं.

२००६ साली मी पहिल्यांदा अर्ज भरला आणि सात मतांनी पडले. त्या पडण्यात मी जे शिकले ते तुमच्या उपयोगी पडेल. मला मत देणार असं सांगणाऱ्या नऊ वाचनालयांची वर्गणी थकलेली होती, त्यामुळे मतदार यादीत त्यांची नावंच नव्हती. मला हे कळलं मतदानाच्या दिवशी सकाळी. शहापूरहून एक बाई पहाटेच्या लोकलने आल्या होत्या, त्यांना टेबलावरूनच परत पाठवलं. त्या मला म्हणाल्या, ‘जाऊ द्या ताई, ठाणं बघून झालं.’ मला आजही ते आठवलं की वाईट वाटतं, कारण कच्ची यादी महिनाभर आधी लागली होती आणि मी ती पाहिली नव्हती.

तेव्हा पहिलं काम म्हणजे संघाची घटना मिळवा आणि सभासदत्वाचं कलम वाचा. आमच्या संघात सभासद ही वाचनालयं होती, व्यक्ती नव्हेत. वाचनालयाचा प्रतिनिधी म्हणून कुणाचं नाव जाणार, हे त्या वाचनालयाचं कार्यकारी मंडळ ठरावाने ठरवतं आणि बहुतेक वेळा ते नाव अध्यक्षांचं किंवा कार्यवाहांचं असतं. पगारी ग्रंथपालाचं नाव जातच नाही. तुमच्याकडेही तसंच असेल, तर तुमची खरी निवडणूक तुमच्याच वाचनालयाच्या बैठकीत आहे. कार्यवाहांकडे लेखी मागणी करा, ठराव करून घ्या, त्याची सही-शिक्क्याची प्रत स्वतःजवळ ठेवा. ‘तोंडी बोलणं झालंय’ यावर अर्ज छाननीत बाद होतात. सूचक आणि अनुमोदकही यादीत नाव असलेलेच घ्या.

२००९ ला निवडून आले. पहिल्या बैठकीत मला काम मिळालं, पाहुण्यांना पुष्पगुच्छ द्यायचं. मी ते केलं. त्यात मला कमीपणा वाटला नाही, पण तेवढंच करायला मी आले नव्हते. बैठकीच्या शेवटी मी बालविभागाचं प्रशिक्षण हा विषय काढला. तेव्हा साडेसात वाजले होते, दोघं बदलापूरला जाणारे, एक जण वाशीचा, सगळ्यांचा जीव गाडीत. ‘पुढच्या वेळी घेऊ’ म्हणाले. पुढच्या वेळीही तेच झालं. तिसऱ्या बैठकीआधी आमच्या जुन्या सरचिटणीसांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, ‘बाई, तुमचा विषय आयत्या वेळच्या विषयांत येतो, म्हणून मरतो. बैठकीची सूचना निघण्याआधी मला लेखी द्या, मी क्रमांक देतो.’ मी दिला. विषय क्रमांक चार. त्या दिवशी चाळीस मिनिटं चर्चा झाली.

आणि एक. पुढच्या बैठकीत मागचं इतिवृत्त वाचून कायम करतात, तेव्हा चहा येतो आणि कुणी ऐकत नाही. तुम्ही ऐका. त्या चाळीस मिनिटांचं इतिवृत्त एका ओळीत होतं, ‘बालविभागाबाबत चर्चा झाली.’ मी उठून म्हटलं, चर्चा नाही, ठराव झाला. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, खर्चाची तरतूद इतकी. दुरुस्ती करून घेतली. ती ओळ तशीच राहिली असती तर प्रशिक्षण शिबिराला पैसे मिळाले नसते.

ते शिबिर आम्ही ठाण्यातून हलवलं. तेव्हा पालघर जिल्हा वेगळा झाला नव्हता, तो २०१४ मध्ये झाला. जव्हार-मोखाड्याच्या बाया ठाण्याच्या शिबिराला यायच्या त्या दुपारी जेवल्या की एसटी गाठायला निघायच्या आणि बालविभागाचं सत्र ठेवलेलं असायचं जेवणानंतर! एक शिबिर शहापूरला घेतलं, एक वाड्याला आणि बालविभाग सकाळी ठेवला. ठाण्यात आठ-दहा जणी असायच्या, शहापूरला ४२ आल्या. तीन वर्षांत माझ्या हातून झालेलं सगळ्यांत मोठं काम हेच. पुस्तकं बाद करण्याबद्दलचं निवेदन मात्र माझ्या मुदतीत निघालं नाही. ते तुम्ही करावं असं मला मनापासून वाटतं.

घराचं म्हणाल तर आधी विचारून घ्या की वर्षात बैठका किती, कुठे, कुठल्या वारी, प्रवासखर्च मिळतो का. आमच्या सहा व्हायच्या, शनिवारी संध्याकाळी. म्हणजे नेमक्या माझ्या गर्दीच्या वेळी. मी आमच्या ग्रंथपालांकडून त्या सहा शनिवारांची बदली ड्युटी वर्षाच्या सुरुवातीलाच लिहून घेतली. मुलाच्या दहावीच्या वर्षी दोन बैठकांना गेले नाही, रजेचा अर्ज दिला. सासूबाईंना तुम्ही सगळं सांगा. माझ्या सासूबाईंनी आमच्या वाचनालयातल्या मुलांसाठी दोनदा लाडू करून दिले होते. त्यांना कुणी काही विचारतच नाही, एवढीच त्यांची तक्रार असायची.

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत एका सार्वजनिक ग्रंथालयात मुलांच्या विभागात आहे. परवा फोनवर म्हणाली, आई, मी आमच्या असोसिएशनच्या बोर्डाच्या निवडणुकीला उभी आहे. मला आनंद झाला, पण काळजीही वाटते. तिकडे मुलांच्या पुस्तकांवरून वाद चाललेत असं ऐकते. ही निवडणूक म्हणजे नेमकं काय? पगार वाढतो का? वेळ किती जातो?
— एक आई, नेरूळ

आधी तुमचं अभिनंदन. पगार वाढत नाही. हे काम मानद असतं, नोकरी सांभाळून करायचं.

अमेरिकन लायब्ररी असोसिएशन ही १८७६ साली स्थापन झालेली संस्था. तिच्या अंतर्गत मुलांसाठीच्या ग्रंथपालांची स्वतःची संघटना आहे, असोसिएशन फॉर लायब्ररी सर्व्हिस टू चिल्ड्रन. तान्ह्या बाळापासून साधारण चौदा वर्षांपर्यंतची मुलं तिच्या कक्षेत येतात. बारा ते अठरा वयाच्या मुलांसाठी काम करणाऱ्यांची वेगळी संघटना, यंग अडल्ट लायब्ररी सर्व्हिसेस असोसिएशन. मुलगी यांपैकी कुठल्या संघटनेत उभी आहे ते तिला विचारा, तिला बरं वाटेल.

मला या रचनेतली एक गोष्ट फार मोलाची वाटते. मुलांच्या विभागातल्या माणसाला तिथे मोठ्यांच्या कार्यकारिणीत कोपरा मागावा लागत नाही, त्यांचं स्वतःचं घर आहे. न्यूबेरी पदक १९२२ पासून आणि कॅल्डिकॉट पदक १९३८ पासून दिलं जातं. पहिलं मुलांच्या साहित्याला, दुसरं चित्रांच्या पुस्तकांना. दोन्ही पदकं ही मुलांच्या ग्रंथपालांची संघटना देते. म्हणजे वर्षातलं उत्तम बालपुस्तक कुठलं हे ठरवायचा अधिकार त्या देशाने प्राध्यापकांना किंवा प्रकाशकांना न देता मुलांसोबत रोज बसणाऱ्या ग्रंथपालांना दिला. आपल्याकडे असं व्हावं म्हणून मी दोनदा लेख लिहिला, अजूनही लिहीन.

वेळेचं म्हणाल तर संचालक मंडळावर साधारण तीन वर्षं. मुलांच्या संघटनेच्या अध्यक्षपदासाठी उभी असेल तर तीही तीन वर्षंच, पण वेगळ्या तऱ्हेने. पहिलं वर्ष उपाध्यक्ष म्हणजे भावी अध्यक्ष, दुसरं वर्ष अध्यक्ष, तिसरं माजी अध्यक्ष म्हणून. शिकायला एक वर्ष, करायला एक आणि नव्या माणसाला हात द्यायला एक. आमच्याकडे अध्यक्ष निवडून आल्या दिवशी खुर्चीत बसतो आणि पहिले सहा महिने फायली शोधण्यात जातात. मतदान सभासद करतात, वसंत ऋतूत, ऑनलाइन. नामांकन समिती उमेदवारांची नावं सुचवते, पण तिच्या यादीत नसलेल्यालाही पुरेशा सभासदांच्या सह्या घेऊन उभं राहता येतं.

तुमची काळजी खरी आहे. मुलांच्या आणि कुमारांच्या विभागातून अमुक पुस्तक काढा अशा तक्रारी तिकडे गेल्या काही वर्षांत खूप वाढल्या आहेत आणि त्या पहिल्यांदा येऊन आदळतात त्या काउंटरवरच्या ग्रंथपालावर. एकट्या बाईने तक्रारदारासमोर उभं राहणं फार अवघड जातं. पाठीशी संघटना असेल, पुस्तकनिवडीचं लेखी धोरण असेल, तर ती नीट उत्तर देऊ शकते. तुमची मुलगी ही पाठ उभी करायला निघाली आहे. तिला फोनवर सांभाळून राहायला सांगा, पण थांबवू नका. आणि निकालाच्या दिवशी तुम्ही स्वतः फोन करा, जिंकली तरी, हरली तरी.

प्रश्न : वय २८, कळव्याला राहतो, ठाण्यातल्या वाचनालयाच्या बाल-कुमार विभागात आहे. दोन पॅनल आहेत, दोन्हीकडून विचारणा झाली. एक पॅनल म्हणतं, फॉर्म आम्ही भरतो, तू फक्त सही कर. शिवाय मतं मागायची माझी पद्धत चुकते असं मला वाटतं. व्हॉट्सअॅपवर ‘मला मत द्या’ लिहायला लाज वाटते. शंभर शब्दांत परिचय द्यायचाय, तोही जमत नाही.

कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. माघारीच्या अर्जावर तर मुळीच नाही. फॉर्मच्या गठ्ठ्यात माघारीचा कागद आधीच सही करून घेतलेला मी पाहिलाय. त्या मुलाचं नाव शेवटच्या दिवशी यादीतून गेलं आणि त्याला ते बाहेरून कळलं.

पॅनलमध्ये जाणं वाईट नाही. एकट्याने जिल्हाभर फिरणं अवघड असतं. पण दोन्ही पॅनलना एकच प्रश्न विचारा, तुमच्या पत्रकात कुमारवयीन वाचकांबद्दल कुठली ओळ असेल? जे ती ओळ तुम्हाला लिहू देतील त्यांच्याबरोबर जा.

परिचय पाठवलात तो वाचला. शंभरपैकी सत्तर शब्द पदव्या, पुरस्कार आणि ‘आवड’ यात गेलेत. ते काढा. तुमच्या पत्रात, अगदी तळाशी, एक वाक्य आहे : आठवीनंतर मुलं येत नाहीत म्हणून तुम्ही शनिवारी विभाग रात्री साडेनऊपर्यंत उघडा ठेवायला लागलात आणि क्लास सुटल्यावर येणारी १४ मुलं नियमित झाली. हे वाक्य सगळ्यांत वर घ्या. त्याखाली लिहा की संघाने काय केलं तर हे आणखी वाचनालयांना जमेल : रात्रीच्या वेळेसाठी मानधन? वीजबिल? सुरक्षारक्षक? एकच मागणी, नेमकी. मग मत मागायची लाज वाटणार नाही, कारण तुम्ही स्वतःसाठी मागत नसाल.

आणि व्हॉट्सअॅपवर सगळ्यांना एकच मजकूर टाकू नका. फोन करा. मुरबाडच्या ग्रंथपालाला विचारा, तुमच्याकडे कुमारवयीन मुलं येतात का, कधी येतात, काय मागतात. दहा मिनिटं ऐका. मी दुसऱ्या वेळी ६३ फोन केले होते, वहीत नोंद आहे. त्यातल्या निम्म्या फोनमध्ये मी मताचं बोललेच नाही. शहापूरच्या शिबिराची कल्पना अशाच एका फोनवर मिळाली.

प्रश्न : राहायला खारघर, नोकरी वाशीच्या वाचनालयात. कुठल्या जिल्ह्याच्या संघात उभी राहू?

तुम्ही कुठे राहता हे सहसा पाहत नाहीत, वाचनालय कुठे आहे ते पाहतात. वाशी ठाणे जिल्ह्यात, खारघर रायगडमध्ये. तेव्हा ठाणे. घटनेत व्यक्तिगत सभासदत्व असेल तर मात्र पत्त्याबद्दल काय लिहिलंय ते बघून घ्या.

प्रश्न : निवडून आलो, अभिनंदनाचे हारही झाले. आता कागदोपत्री काय?
— ठाण्यातून एक नवनिर्वाचित कोषाध्यक्ष

संघाची नोंदणी सार्वजनिक न्यास म्हणून असेल, तर कार्यकारिणी बदलल्याचा अर्ज, ज्याला सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात, धर्मादाय कार्यालयात ९० दिवसांच्या आत द्यावा लागतो. १९५० च्या विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम २२. निवडणुकीची सूचना, मतदार यादी, निकालपत्र, सभेचं इतिवृत्त, नव्या सदस्यांची संमती, हे सगळं आजच एका फायलीत लावा. हारांच्या गडबडीत हे मागे पडतं आणि मग पुढची कार्यकारिणी आली तरी दप्तरी जुन्यांचीच नावं असतात. बँकेतल्या सह्याही लगेच बदलून घ्या, हे तुमचंच काम.

प्रश्न : मी आठवीत आहे. आमच्या वाचनालयातल्या मावशी निवडणुकीला उभ्या आहेत. त्या जिंकल्या पाहिजेत, कारण त्यांना माहीत असतं मला पुढचं पुस्तक कुठलं आवडेल. पण आम्हाला मत का नाही? वाचनालय तर आमचंही आहे ना?
— वर्तकनगर, ठाणे

आहे. तुझं म्हणणं मला पटतं आणि मला याचं चांगलं उत्तर देता येत नाही. संघात मत वाचनालयाचं असतं आणि वाचनालयाचा कारभार मोठी सभासद मंडळी बघतात. नियम तसा आहे.

पण आमच्याकडे आम्ही एक केलं होतं. पुस्तकखरेदीच्या बैठकीला बालविभागातली दोन मुलं बोलवायचो, एक पाचवीतलं, एक आठवीतलं. त्यांनी नाही म्हटलेलं पुस्तक मुलांसाठी घ्यायचं नाही, असं ठरलं होतं. पहिल्याच वर्षी आठवीतल्या मुलीने मोठ्यांनी निवडलेल्या अकरा पुस्तकांना नाही म्हटलं आणि समितीने ऐकलं. तुझ्या मावशींना हे सांग. त्या निवडून आल्या तर बाकीच्या वाचनालयांतही सुरू करायला सांगू शकतील.

आणि तुझा हा प्रश्न वाचनालयाच्या सूचना वहीत लिही. जसा मला लिहिलास तसाच. खाली नाव, इयत्ता आणि तारीख घाल. पंधरा दिवसांनी जाऊन बघ, खाली कुणी उत्तर लिहिलंय का. नसेल लिहिलं तर परत लिही आणि मला कळव.